माफी तुमची, खर्च आमच्या पालिकेचा

संपादक साहेब, नमस्कार.

माझी बहीण मुलुंडला राहते, कार्पेट 480 फूट, जानेवारी 2022 पासून तिला प्रॉपर्टी टॅक्स शून्य. मी कोथरूडला, फ्लॅट साधारण तेवढाच, मला बिल येतं आणि मी मे संपायच्या आत भरतो कारण सवलत सोडवत नाही. बहीण दर राखीपौर्णिमेला चिडवते, म्हणते पुण्यात राहून काय मिळवलंस. मला तिचा हेवा नाही, पण एक प्रश्न आहे, या माफीचे पैसे नेमके कुणी भरले?

मुंबईत पाचशे फुटापर्यंतच्या सोळा लाखाच्या वर घरांना माफी मिळाली. घोषणा राज्य सरकारची, खड्डा मात्र मुख्यतः महापालिकेच्या तिजोरीला. आणि माप काय तर फूट! मलबार हिलला साडेचारशे फुटाचा फ्लॅट असला तरी माफ, आणि नालासोपाऱ्यात सहाशे फुटात सात माणसं राहत असली तरी भरा (तिथली पालिका वेगळी, माहितीये मला, पण मुद्दा तोच). निवडणूक आली की पाचशेचे सातशे होतात, उद्या हजार होतील.

आमच्या पुण्यात वेगळाच किस्सा. स्वतः राहत असलेल्या घराला 1970 पासून 40 टक्के सवलत होती, मग ऑडिटचं कारण देऊन ती काढली, लोकांना वाढीव बिलं आली. फेब्रुवारी 2023 ला कसब्याची पोटनिवडणूक झाली आणि एप्रिलमध्ये कॅबिनेटने सवलत परत दिली, योगायोग म्हणायचा. फक्त पीटी-3 फॉर्म भरायचा होता, सोसायटीची एनओसी, गॅसचं नाहीतर रेशनचं कार्ड वगैरे जोडून. मी विसरलो, चूक माझीच, बायको अजून ऐकवते.

आता बिल हातात घेऊन नीट वाचा. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशामक, पाणीपुरवठा लाभ, जलनिःसारण लाभ, रस्ता, वृक्ष, आणि खाली शिक्षण कर. तो शिक्षण कर राज्याचा, पालिका नुसती वसूल करून देते, म्हणजे शिव्या पालिकेला आणि पैसा मंत्रालयात.

पूर्वी पालिकेचा स्वतःचा पैसा होता. जकात होती, दहिसर मुलुंडच्या नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या, भ्रष्टाचार पण होता, ती गेली याचं दुःख नाही. पुण्यात 2013 ला जकातीच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2015 च्या ऑगस्टपासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांना बंद, मग 2017 ला जीएसटी. मुंबईची जकात तेव्हा गेली, बदल्यात जुलै 2017 मध्ये पहिला चेक मिळाला 647 कोटींचा. तेव्हापासून पालिका दर महिन्याला राज्याच्या चेकची वाट बघते, कॉलेजातलं पोरगं पॉकेटमनीची बघतं तशी.

केंद्राचं तर अजून भारी. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली की प्रॉपर्टी टॅक्सचा किमान दर ठरवा आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपीच्या) वाढीच्या वेगाने वाढवून दाखवा. म्हणजे दिल्ली म्हणते टॅक्स वाढवा नाहीतर पैसे नाही, मुंबईतलं राज्य सरकार म्हणतं माफ करा नाहीतर मतं नाही, आणि मधे आमचा आयुक्त. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, मग हे विचारायचं तरी कुणाला.

आणि सगळ्यात मोठा माफीवाला कोण? खुद्द केंद्र सरकार! घटनेच्या कलम 285 प्रमाणे त्यांच्या मालमत्तेवर स्थानिक कर लागत नाही. रेल्वे, पोस्ट, लष्कराच्या जागा, पुण्यात किती जागा आहे मोजा. त्याऐवजी सर्व्हिस चार्ज द्यायचा, पालिकेच्या किती सोयी वापरता त्यावर प्रॉपर्टी टॅक्सच्या 75, 50 किंवा 33 टक्के, सुप्रीम कोर्टात 2009 ला राजकोट महापालिकेच्या केसमध्ये हेच ठरलं. पण तो वेळेवर येत नाही अशी कँटोन्मेंटवाल्यांची ओरड तुमच्याच पेपरात वाचतो. मी दोन महिने उशीर केला की महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, त्यांना कोण लावणार.

माफी नकोच असं माझं म्हणणं नाही. माजी सैनिकाच्या विधवेला माफ करा, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला करा, मी हसत माझा हिस्सा भरेन. पण ट्रस्टच्या नावाखाली लग्नाचे हॉल चालवणाऱ्यांना कशाला? आणि जो मंत्री माफी जाहीर करेल त्याच्या खात्याने त्याच दिवशी तेवढी रक्कम पालिकेत जमा करावी, जीआरमध्येच तशी एक ओळ टाका. मग बघू किती फूट माफ होतात.

बहिणीला हे पत्र पाठवणार आहे, छापलंत तर कात्रण पाठवेन.

आपला,
एक करदाता, कोथरूड, पुणे