तिसऱ्या नंबरचा प्लग

प्रिय काका,

स. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पाण्याच्या टँकरचा नाहीतर पावसाचा विषय काढता. परवा जिन्यात दोनदा प्रयत्न करून पाहिला. म्हणून हे असं जाहीर पत्र. नाव लिहीत नाही, सहकारनगरात आमच्या सोसायटीत ते कुणालाही कळेलच.

त्या रविवारी मी मोठ्या ऐटीत बॉनेट उघडून बसले होते. बाबांची अकरा वर्षांची पेट्रोल गाडी, नाना पेठेतून आणलेले चार नवे स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप, साफ करायचा स्प्रे. दोन तासांत सगळं उरकलं आणि किल्ली फिरवली, तर गाडी अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. तरीही मी तिला पर्वतीच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणलं. म्हटलं, चालली की सुटेल. पिकअप नाही, चढावर धाप लागलेली आणि डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा सारखा लुकलुकतोय. एका गॅरेजला फोन केला. गाडी न बघताच त्यांनी निदान केलं: प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चारही कॉइल गेल्या, १६,००० रुपये. मी ‘हो’ म्हणणारच होते, तेवढ्यात तुम्ही दुधाची पिशवी घेऊन पार्किंगमध्ये आलात.

‘मिसिंग आहे. आधी बंद कर.’ तुमचं पहिलं वाक्य. दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत न्यावी, पण लुकलुकत असेल तर पुढे रेटू नये, हे मला ठाऊक नव्हतं. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, तिथलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि सायलेन्सरच्या आधी असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली जाळी तापून वितळली की मग १६,००० सुद्धा स्वस्त वाटतील, असं तुम्ही म्हणालात.

मग विचारलंत, ‘आज कुठेकुठे हात लावलास? क्रमाने सांग.’ मी भेसळीच्या पेट्रोलबद्दल आणि नकली प्लगांबद्दल बोलत होते, तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. काल धड चालणारी गाडी आज बिघडली, तर बिघाड मधल्या दोन तासांतच शोधायचा. मला जरा राग आला होता, खरं सांगते.

गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारा माझ्याकडचा छोटा स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०३. शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे तिसऱ्यात मिसफायर. मी लगेच तिसऱ्याची कॉइल मागवायला निघाले. तुम्ही हसलात. ‘कोड एवढंच सांगतो की तिसऱ्या घरात चूल पेटत नाही. लाकूड ओलं आहे की काडेपेटी, ते आपण बघायचं.’ काडेपेटी तपासायची युक्ती फुकटची होती: तिसरी कॉइल पहिल्यावर, पहिली तिसऱ्यावर, कोड पुसून पुन्हा स्टार्ट. कोड ०३०१ झाला तर कॉइल वाईट. झाला नाही, ०३०३ च राहिला. माझे १६,००० तिथेच वाचले.

आता प्लग. पण इंजिन तापलेलं होतं, आणि तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढला तर आटेच निघून येतील म्हणून तुम्ही मला पाऊण तास बसवून ठेवलंत. त्या पाऊण तासात काकूंनी दोनदा चहा पाठवला आणि तुम्ही दापोडीच्या एसटी वर्कशॉपातल्या नोकरीबद्दल सांगितलंत. ‘माझा जन्म डिझेलमध्ये गेला, त्यात स्पार्क प्लगच नसतो,’ असं म्हणालात तेव्हा मी चहाचा कप खालीच ठेवला. म्हणजे इतका वेळ मी कुणाच्या भरवशावर बसले होते!

तिसरा प्लग निघाला आणि मला सगळं आठवलं. बसवताना तो हातातून फरशीवर पडला होता. ओढणीला पुसून मी तसाच लावला होता. तुम्ही घरून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, आणलंत, ज्याने बसचे टॅपेट सेट करायचात तेच, पानं पिवळी पडलेली. बाकी तिघांच्या टोकाला ठिणगी उडते त्या फटीत साधारण एक मिलिमीटरचं पान जात होतं, याच्यात निम्म्याचंही जाईना. वर पांढऱ्या चिनी मातीला केसासारखी चीर. फट वाकवून सारखी करता आली असती, चिरेचं काय करणार? मी जुने प्लग टाकून दिले नव्हते, एवढी एकच गोष्ट मी शहाणपणाची केली होती. त्यातलाच एक आधी हाताने, पाना न लावता, फिरवत नेला आणि शेवटी जेमतेम आवळला.

थरथर थांबली. पण इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा १,५०० वरून उतरेना आणि कुठेतरी सूं सूं चाललेलं. तुम्ही काही न बोलता बॉनेटवर वाकून उभे राहिलात, मला म्हणालात, ‘कानाने शोध.’ पाच मिनिटांनी सापडली: इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांना, जाणारी करंगळीएवढी रबरी नळी, फिल्टरचा डबा काढताना निसटलेली. थ्रॉटलला वळसा घालून हवा आत शिरत होती. नळी खोचली, काटा ८०० वर आला.

काका, संपूर्ण दिवसात तुम्ही पाना एकदाही हातात घेतला नाहीत. तुमचे हात शिवशिवत होते, मी बघत होते. माझ्याकडून तिसऱ्यांदा कॉइलचा क्लिप नीट बसला नाही तेव्हा तर तुम्ही चक्क हात मागे बांधलेत. दहा मिनिटांचं काम तुम्ही माझ्यासाठी चार तासांचं केलंत. आभार त्याचे आहेत.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन साताऱ्याला जाऊन आले. खंबाटकीच्या घाटात गाडीने कुरकुर केली नाही. तिसऱ्या घरात अजून जुनाच प्लग आहे. शनिवारी नाना पेठेतून नवा आणते. तुमचं फिलर गेज माझ्याच डिकीत राहिलंय, फट मोजून झाली की वर आणून देते. काकूंना सांगा, या वेळी चहा माझ्याकडून.

तुमची,
तळमजल्यावरची