ठमीची साखर आणि तुझा प्रश्न

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या मधुमेही मांजरीच्या, ठमीच्या, साखरेच्या नोंदींच्या वहीची पाने पाहून तू विचारले आहेस की, सकाळची साखर रोज तीनशेच्या पुढे असताना मी इन्सुलिन का वाढवत नाही. प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आठ दिवस तिचे सगळे तूच पाहणार असल्यामुळे त्याचे उत्तर फोनवर उरकण्यापेक्षा लिहून ठेवलेले बरे.

सकाळी सातचा आकडा रात्रीचे इन्सुलिन ओसरल्यानंतरचा असतो, म्हणजे दिवसातला बहुधा सर्वांत वरचा. डोस ठरतो तो दोन इंजेक्शनांच्या मधल्या तासांतल्या सर्वांत खालच्या आकड्यावर. गेल्या रविवारी मी दर दोन तासांनी तिचा कान कोमट फडक्याने शेकून, कडेला टोचून थेंबभर रक्त घेतले, तेव्हा सातला 318 असलेली साखर दुपारी एकला 104 वर आली होती. केवळ सातचा आकडा पाहून डोस वाढवला असता, तर एकचा आकडा कुठे गेला असता याचा विचार कर. शिवाय तिची किडनी थकलेली आहे. इन्सुलिन शरीराबाहेर काढण्याचे काम काही अंशी किडनीच करते, त्यामुळे ते तिच्या अंगात अपेक्षेपेक्षा जास्त वेळ रेंगाळू शकते; धडधाकट मांजराला मानवणारा डोस चौदा वर्षांच्या ठमीला मानवेलच असे नाही.

आजवर तुला सांगितले नव्हते ते आता सांगते. एकदा घाईत माझ्या हाती चाळीसची, म्हणजे मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी आखलेली, सिरिंज आली. तिचे इन्सुलिन ग्लार्जिन आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिटचे. ते चाळीसच्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या रेघेपर्यंत भरले की प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. दुपारी ती पाण्याच्या भांड्याकडे निघाली आणि मध्येच एका अंगावर कलली. डोळे उघडे होते, पण मी हाक मारत होते ती तिच्यापर्यंत पोहोचत नव्हती. मीटरने 41 दाखवले. बोटावर मध घेऊन मी तिच्या हिरड्यांना चोळत राहिले (गिळता येत नसताना तोंडात काही ओतायचे नसते, एवढे सुदैवाने आठवले) आणि तशीच तिला डॉक्टरांकडे नेले. ती वाचली, पण तेव्हापासून 318 पेक्षा 60 या आकड्याची मला अधिक धास्ती वाटते. साखर फार खाली जाऊन काही तास तशीच राहिली, तर मेंदूवर बेतते.

याचा अर्थ चढी साखर चालते असा मात्र घेऊ नकोस. साधारण अडीचशे-पावणेतीनशेच्या पुढे ती लघवीतून उतरू लागते, सोबत पाणी ओढून नेते, आणि किडनीचे दुखणे असलेल्या मांजराला अंगातले पाणी असे घालवणे परवडत नाही. मागच्या पायांच्या नसाही बिघडतात. गेल्या वर्षी ती टाचा जमिनीला टेकवून चालत असे, ते तू सांधेदुखी समजली होतीस आणि खरे म्हणजे मीही. इन्सुलिन सुरू झाल्यावर काही महिन्यांनी ती पुन्हा बोटांवर चालू लागली, तेव्हा उलगडा झाला.

मधुमेही मांजराचे कसे चालले आहे, हे एरवी पाण्याच्या भांड्यावरूनही कळते. ठमीच्या बाबतीत ते फसवे आहे, कारण किडनीमुळेही तहान वाढतेच. म्हणून मी दर रविवारी तिचे वजन करते. नीट खाऊनही वजन उतरू लागले, तर साखर हाताबाहेर जात आहे असे समजावे. आपले मीटर माणसांसाठीचे असून मांजराच्या रक्तात ते थोडे कमी दाखवते. तेवढ्यासाठी दुसरे आणू नकोस, नाहीतर मागच्या नोंदींशी ताळमेळ राहणार नाही.

खाण्याबाबत दोन दुखण्यांचे एकमेकांशी पटत नाही. मधुमेहाला कमी पिष्टाचे, भरपूर प्रथिनांचे अन्न हवे, तर किडनीला कमी फॉस्फरसचे आणि बेताच्या प्रथिनांचे. डॉक्टरांशी बोलून आम्ही किडनीच्या बाजूने झुकलो आहोत, तेही ओल्या डब्यातल्या अन्नावर. तिने ते नाकारले, तर जे खाईल ते दे. मांजर काही दिवस उपाशी राहिले की यकृतात चरबी साचते आणि तिसरे दुखणे उभे राहते. आधी खाणे, मग इंजेक्शन, हा क्रम मोडू नकोस. तिने खाल्ले नाही, तर नेहमीचा डोस न देता आधी डॉक्टरांना फोन कर. साखर चढलेली असून ती खात नसेल, उलट्या करत असेल आणि मलूल पडून असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नकोस. सांध्यांसाठी कोणी स्टेरॉइड सुचवले, तर तिला मधुमेह आहे हे तिथल्या तिथे सांग, कारण त्याने साखर भडकते.

तिच्या सिरिंज नारिंगी टोपणाच्या आहेत आणि औषधाच्या डब्यात आता तेवढ्याच ठेवल्या आहेत. तरीही एखाद्या खणात लाल टोपणाची, म्हणजे चाळीसची, सापडलीच, तर आधी ती टाकून दे आणि मग ठमीला हाक मार.

तुझी,
आई