'संकोच न बाळगता' म्हणजे नेमके कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानसिक आरोग्यावरच्या पुरवणीतला सामाजिक भयगंडाविषयीचा, म्हणजे चारचौघांत बोलण्या-वावरण्याच्या भीतीविषयीचा लेख आवडला. फक्त शेवटच्या ओळीला हसू आले : 'संकोच न बाळगता तज्ज्ञांशी संपर्क साधा.' अहो, संकोच बाजूला ठेवता आला असता तर तज्ज्ञ कशाला लागले असते?

मी मुद्रितशोधक आहे, वय 39. माणसांपेक्षा कागदांशी जास्त गाठ पडते म्हणूनच हे काम धरले. समुपदेशकांचा नंबर मिळाल्यावर फोन लावायला मला सात महिने लागले. बोलायचे ते चिठ्ठीवर लिहिले, ऱ्हस्व-दीर्घ तपासले. मग मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत फोन लावायचे, कुणी उचलणार नाही या आशेने. एकदा उचलला, तर मी चिठ्ठीतले तिसरे वाक्य आधी बोलले आणि घाबरून ठेवून दिला. शेवटी गेले, तर स्वागतकक्षातल्या बाईंनी भरल्या खोलीत विचारले, "त्रास काय होतोय?" मी म्हटले, "झोप येत नाही."

त्या समुपदेशकांनी 'लोकांत मिसळा' असे सांगितले. हे तर घरचेही फुकटात सांगत होते. दुसऱ्या समुपदेशक बाई खरेच भल्या होत्या. पण अकरा भेटी माझ्या बालपणातच गेल्या. त्यांना वाईट वाटेल या भीतीने 'आता थांबते' म्हणायला आणखी तीन भेटी गेल्या, त्या वेगळ्याच.

तिसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी पहिल्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ लिबोविट्झ यांची ही भीती मोजणारी 1987 सालची प्रश्नावली पुढे ठेवली. त्यात 24 प्रसंग आहेत : कुणी पाहत असताना लिहिणे, घेतलेली वस्तू दुकानात परत करणे, असे. प्रत्येकाला भीती किती आणि टाळाटाळ किती, याचे 0 ते 3 गुण. म्हणजे मी पाळण्यात होते तेव्हाच माझ्या भित्रेपणाचे कोष्टक छापून तयार होते! पुढचे काम सीबीटीचे, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या उपचारपद्धतीचे. चिठ्ठी, कप दोन्ही हातांनी धरणे, वाक्य मनात घोळवून मगच बोलणे, या बचावाच्या सवयी एकेक सोडायच्या. कारण प्रसंग निभावला की श्रेय त्या सवयी घेतात आणि भीती जागच्या जागी राहते. एकदा माझे बोलणे चित्रित केले. पाहण्याआधी मी कशी दिसेन ते लिहून घेतले. मी लिहिले : चेहरा लालबुंद, हात थरथरतायत. पडद्यावरची बाई मात्र जराशी कंटाळलेली वाटत होती, इतकेच.

म्हणून विनंती. असे लेख छापताना पहिला संपर्क ईमेलने किंवा मेसेजने करता येईल अशा तज्ज्ञांची माहिती द्या. भेटीपूर्वी काय विचारावे तेही छापा : या त्रासावर तुम्ही कोणती पद्धत वापरता, खोलीबाहेर प्रत्यक्ष सराव करून घेता का, फरक पडतोय हे कशावरून ठरवता? हे प्रश्न लेखी पाठवले तरी चालतात, हे मला कुणीच सांगितले नव्हते. आणि तज्ज्ञांनो, 'त्रास काय' हे दाराबाहेर विचारू नका.

नाव छापू नये. पत्राबाबत काही विचारायचे असल्यास फोन केला तरी चालेल. फक्त दोनदा करावा लागेल, पहिल्यांदा मी अजून उचलत नाही.

आपली,
एक वाचक