सही करण्याआधी

डिचोली

चि. तन्वीस अनेक आशीर्वाद.

चवथीला तणतणत गेलीस, त्यानंतर फोन फक्त आईला. असो. भांडण उकरायला लिहीत नाही. तुझ्या नावाने मोफत स्केटिंगचा क्लास काढणाऱ्या कंपनीच्या त्या करारावर सही झाली का?

"यामागुचीनेही केलंय" म्हणालीस, म्हणून त्या अमेरिकन स्केटर क्रिस्टी यामागुचीबद्दल वाचत बसलो. बाईची पावलं जन्मतःच वळलेली. प्लास्टर, खास बूट, मग पायांत बळ यावं म्हणून स्केटिंग. 1992ला आल्बर्टव्हिलला ऑलिंपिक सुवर्ण, 1996ला 'ऑलवेज ड्रीम' ही संस्था. आता लहान मुलांच्या वाचनाचं काम करते. व्यायामाच्या कपड्यांचा धंदाही काढला, त्यातला वाटा संस्थेला. तो जपानी स्केटर हान्यू 2011च्या भूकंपात सेंदाई शहरातल्या बर्फाच्या रिंकवरच होता; पुढे स्वतःच्या पुस्तकाचं मानधन त्याच रिंकला दिलं. पैसा कुठून आला, कुठे गेला, लख्ख दिसतं.

तुझ्या कागदात ते दिसत नाही गं. मोफत क्लास तुझ्या नावाचा, जाहिरातीत पोरं आपल्या वाड्यावरची, आणि देणग्या कुणाच्या खात्यात? ट्रस्टचं खातं वेगळं हवं, देणगीदारांना करसवलत मिळते ती 80जीची नोंदणी हवी, तुझी कमाई त्यात मिसळता कामा नये. तुझं नाव, फोटो किती वर्षांसाठी देतेस तेही बघ. शेवटचं पान आधी वाचायचं. झाली माझी शाळा सुरू! रागावू नकोस.

काल सोप्यावरच्या कपाटात तुझा बिस्किटांचा डबा सापडला. रॉकेलचा वास अजून जात नाही. स्केटच्या चाकांची बेअरिंगं रॉकेलात बुडवायचीस, जुन्या ब्रशाने घासून पेपरावर ओळीने वाळत घालायचीस. एखादं घरंगळलं तर सापडेपर्यंत पानावर बसत नव्हतीस. रेशनचं रॉकेल आजी तुझ्यासाठी लपवून ठेवायची, दिवे गेले तरी द्यायची नाही. देवळाच्या फरशीवर चाकांचे ओरखडे उठले म्हणून महाजन घरी भांडायला आले होते, आठवतं? नॅशनलचं पदक आल्यावर तेच पाहुण्यांना ओरखडे दाखवत होते. मीही दाखवतो, तू नसताना.

पोरांना फुकट शिकवायचं तुझ्या मनात आलं, त्याला माझी ना नाही. सही केली असशील तर प्रत व्हॉट्सॲपवर पाठव, बाप्पाकाका बघतील. केली नसशील तर दिवाळीपर्यंत थांब. कंपनी कुठे पळून जात नाही. आणि पळालीच, तर बरंच झालं.

आईने सोलां आणि उकडे तांदूळ पुण्याच्या बसने पाठवलेत. ड्रायव्हरकडे मागून घे, क्लीनरकडे नको, मागच्या वेळी पिशवी फुटली होती.

तुझा,
बाबा