खांदा ठरवण्याआधी डोळा पाहा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नेमबाजी स्पर्धांचे निकाल आपल्या दैनिकात नियमितपणे प्रसिद्ध होतात आणि ते वाचून रायफल शिकावीशी वाटणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे, याचा मला प्रशिक्षक म्हणून मनापासून आनंद आहे. मात्र या नवशिक्यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी एक निर्णय फारसा विचार न करता घेतला जातो आणि त्याची किंमत त्यांना पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मूल कोणत्या हाताने लिहिते एवढे विचारून रायफलीचा दस्ता त्याच बाजूच्या खांद्याला लावला जातो. रायफल पेलणे आणि ट्रिगर दाबणे ही हातांची कामे दुसऱ्या बाजूने शिकता येतात. मेंदू कोणत्या डोळ्यावर भिस्त ठेवतो, हे मात्र सरावाने बदलणे फार अवघड असते. त्यामुळे आधी डोळा पाहावा आणि मग खांदा ठरवावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आपले दोन्ही डोळे उघडे असतात तेव्हा दिशेचा अंदाज घेताना मेंदू सहसा एका डोळ्याच्या चित्राला अधिक मान देतो. त्या डोळ्याला प्रबळ डोळा म्हणतात. रेंजवर आम्ही सरसकट ‘डॉमिनंट आय’ म्हणतो. साधारण दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो, तर उजव्या हाताने काम करणारे लोक दहांतले नऊ असतात. या दोन आकड्यांवरूनच लक्षात येईल की उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी अजिबात दुर्मीळ नाही. प्रबळ डोळा हाच अधिक स्पष्ट पाहणारा डोळा असतो, असेही नाही. चष्म्याचा नंबर जास्त असलेला डोळाही प्रबळ असू शकतो, त्यामुळे भिंतीवरच्या तक्त्यावरील अक्षरे वाचून घेतल्याने ही गोष्ट कळत नाही.

ती कळण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. दोन्ही हात समोर ताठ धरावेत, तळवे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटीशी त्रिकोणी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी लहान वस्तू पाहावी. मग वस्तूवरची नजर न हलवता हात हळूहळू चेहऱ्याजवळ आणावेत. ते आपोआप ज्या डोळ्यापाशी येतात, तो प्रबळ डोळा. ही चाचणी थोड्या थोड्या वेळाने पुन्हा घ्यावी, कारण काहींच्या बाबतीत दोन डोळ्यांतला फरक अगदी थोडा असतो आणि उत्तर बदलत राहते. मुलाला ती कशासाठी आहे हे आधी सांगू नये, हेही महत्त्वाचे. ज्याला ‘उजव्या डोळ्यानेच बघायचे’ असे एकदा बजावले गेले आहे, ते मूल हात मुद्दाम उजव्या डोळ्याकडे नेते.

चुकीच्या बाजूला बसवलेल्या नेमबाजाची अडचण जवळून पाहिली की तिचे गांभीर्य कळते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीची उभे राहण्याची ढब उत्तम होती, श्वासावर ताबा होता, ट्रिगरही ती हळुवार दाबत असे. पण तिचे शॉट कागदावर आडवे पसरत. बाजूने पाहिल्यावर काही दिसत नव्हते. समोरून, सुरक्षित अंतरावर कॅमेरा लावून पाहिले, तेव्हा नेम धरल्यानंतर काही सेकंदांतच तिचा गाल दस्त्यावरून किंचित पुढे सरकताना आणि मान रायफलीवरून पलीकडे झुकताना दिसली. तिचा प्रबळ डावा डोळा डायोप्टरच्या, म्हणजे नेम धरण्यासाठी डोळ्याजवळ असलेल्या मागच्या साइटच्या, छिद्रापाशी जाऊ पाहत होता. त्या डोळ्याला समोरचे लक्ष्य विनाअडथळा दिसत होते, त्यामुळे मेंदू त्याचे चित्र पुढे करी आणि उजव्या डोळ्यातले फोरसाइटचे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटचे, वर्तुळ मधूनच विरून जाई. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. गालाचा दाब एवढासा बदलला तरी तो हुकतो. या मुलीला तोवर ‘तुझे लक्ष नसते’ असे ऐकावे लागले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

अशा वेळी नवशिक्यासाठी खांदा बदलणे हाच मला सर्वांत चांगला उपाय वाटतो. सुरुवातीचे काही आठवडे अवघडल्यासारखे वाटते, पण अजून कोणतीच सवय मुरलेली नसल्याने मोडायचेही काही नसते. हात बदलण्याची माणसाची क्षमता किती असते, याचे नेमबाजीच्या इतिहासातले ठळक उदाहरण पिस्तुलाचे आहे. हंगेरीच्या कारोली ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले. रायफलीत मात्र खांदा बदलताना रायफलही त्या बाजूची आहे ना, हे पाहावे लागते. उजव्या बाजूसाठी घडवलेल्या दस्त्यावर डावा गाल नीट टेकत नाही, बोल्ट, म्हणजे गोळी भरण्याचा खटका, पलीकडच्या बाजूला राहतो आणि काही रायफलींमध्ये झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी थेट चेहऱ्याकडे येते. ब्रिटिश सैन्याची एल ८५ ही रायफल याच कारणामुळे डाव्या खांद्यावरून चालवता येत नाही, तर ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगमध्ये बोल्ट बदलून पुंगळी दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल अशी सोय मुळातच ठेवलेली आहे.

ज्यांची कित्येक वर्षे एकाच खांद्यावर गेली आहेत, त्यांना मी खांदा बदलायला सांगणार नाही. त्यांच्यासाठी ब्लाइंडर, म्हणजे नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोरची पट्टी, पुरेशी ठरते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलीवर बसवलेली ही पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी आणि डायोप्टरच्या छिद्राच्या मध्यापासून १०० मिलिमीटरपलीकडे जाऊ नये. एका खांद्यावर रायफल ठेवून दुसऱ्या बाजूच्या डोळ्याने नेम धरणाऱ्यांना प्रिझम किंवा आरसा लावण्याचीही मुभा या नियमांत आहे. माझी विनंती एवढीच की पट्टी काळी नसावी. पांढरट, अर्धपारदर्शक पट्टीतून प्रकाश येत राहतो आणि फक्त चित्र अडते. काळ्या पट्टीमुळे दोन डोळ्यांना मिळणाऱ्या प्रकाशात मोठा फरक पडतो आणि नेम धरणाऱ्या डोळ्याची बाहुलीही काहीशी मोठी होते. बाहुली मोठी झाली की जवळचे आणि लांबचे एकाच वेळी रेखीव दिसणे कठीण होते, आणि हा तोटा डायोप्टर नसलेल्या उघड्या साइटवर अधिक जाणवतो. एक डोळा घट्ट मिटून नेम धरण्याची सवय तर पहिल्याच दिवशी मोडली पाहिजे, कारण मिटलेल्या डोळ्याभोवतीचा ताण उघड्या डोळ्यापर्यंत पोहोचतो आणि दीर्घ स्पर्धेत चेहरा थकून जातो.

आता चष्म्याविषयी. रोजचा चष्मा समोर सरळ पाहण्यासाठी बनवलेला असतो. रायफलीवर गाल टेकल्यावर डोके पुढे झुकते आणि दृष्टी भिंगाच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. तिथे भिंग डोळ्याला तिरके पडते, त्यामुळे नंबर बरोबर असूनही चित्र सरकते आणि पुसट होते. पोटावर झोपून नेम धरताना हा दोष सर्वाधिक वाढतो. नेमबाजीच्या चष्म्यात एकच गोल भिंग पुढे-मागे आणि वर-खाली सरकवता येते ते याचसाठी: भिंगाचा मध्य दृष्टिरेषेवर यावा आणि भिंग तिला काटकोनात राहावे. ज्यांना सिलिंडरचा, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा, नंबर आहे, त्यांनी भिंगाचा अक्ष प्रत्यक्ष नेम धरण्याच्या स्थितीत तपासून घ्यावा, कारण मान एका बाजूला कलली की अक्षही बदलतो. लाल ठिपक्याच्या साइटमध्ये ठिपका चांदणीसारखा किंवा शेपटी फुटल्यासारखा दिसला, तर साइटला दोष देण्याआधी आपला सिलिंडरचा नंबर तपासावा.

चाळिशी लागल्यावर अनेक चांगले नेमबाज ‘आता फोरसाइट दिसत नाही’ म्हणून रायफल खाली ठेवतात, आणि यातले बहुतेक विनाकारण थांबतात. वाचण्याचा चष्मा लावून ते रेंजवर येतात, तेव्हा लक्ष्याचा नुसता काळा डाग दिसतो. तो चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि फोरसाइट तर डोळ्यापासून सुमारे एक मीटरवर असते. दूरच्या नंबरात पूर्ण एक डायोप्टर (इथे साइट नव्हे, भिंगाचा नंबर मोजण्याचे एकक) मिळवले तर फोरसाइट लख्ख दिसते, पण लक्ष्य हातचे जाते. त्या दोहोंचा मध्य, म्हणजे दूरच्या नंबरात अधिक ०.५० डायोप्टर, हा सुरुवातीसाठी योग्य आकडा आहे. त्याने फोरसाइटचे वर्तुळ रेखीव राहते, लक्ष्य किंचित मऊ दिसते, आणि बाकीचे काम डायोप्टरचे लहान छिद्र करते, कारण लहान छिद्रातून पाहिल्यावर वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एकाच वेळी अधिक स्पष्ट होतात. छिद्र प्रमाणाबाहेर लहान केले तर चित्र अंधारते आणि कडा पुन्हा पुसट होतात. नेत्रतपासणीला जाताना रायफल नेता येत नाही. डोळ्यापासून फोरसाइटपर्यंतचे अंतर टेपने मोजून तो आकडा मात्र जरूर न्यावा. ज्यांच्या प्रकारात दुर्बीण चालते त्यांचा प्रश्न आणखी सोपा आहे, कारण तिच्यातली खूण आणि लक्ष्य एकाच प्रतलात दिसतात आणि डोळ्याला दोन अंतरांमध्ये ओढाताण करावी लागत नाही.

काही दोष काचेने सुटत नाहीत. लहानपणी आळशी राहिलेल्या डोळ्याची नजर प्रौढपणी भिंगाने पूर्ण येत नाही. अशा नेमबाजाने दुसऱ्या खांद्याकडे वळणेच योग्य. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आपण कोणत्या डोळ्याने नेम धरतो, हे शल्यचिकित्सकांना आवर्जून सांगावे. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी अशी भिंगे बसवण्याची पद्धत आहे, आणि नेमका नेमाचा डोळा जवळसाठी ठरला तर पुढचे सगळे अवघड होते. अनेक अंतरांसाठीच्या भिंगांमुळे चित्राचा ठळकपणा थोडा कमी होतो, तेही विचारात घ्यावे. फोरसाइटचे वर्तुळ एखाद्या जागी वाकलेले दिसू लागले, तर साइट बदलत बसू नये. ते नेत्रपटलाच्या आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी तातडीने नेत्रतज्ज्ञ गाठावेत.

दृष्टी जवळजवळ किंवा पूर्ण गेलेल्यांसाठीही रायफल बंद झालेली नाही. त्यांच्या रायफलीवर बसवलेले उपकरण नेमाची दिशा ध्वनीत बदलते; नेम मध्याच्या जवळ जाईल तसा हेडफोनमधला सूर चढत जातो आणि नेमबाज कानाने मध्य शोधतो. या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात, पण २०२४ च्या पॅरालिंपिकपर्यंत त्याला तिथे स्थान मिळालेले नव्हते. ते मिळावे असे मला मनापासून वाटते.

प्रशिक्षण संस्थांनी नवशिक्यांच्या नोंदणी अर्जात ‘प्रबळ डोळा’ असा एक रकाना ठेवावा, तो प्रशिक्षकाने स्वतः चाचणी घेऊन पहिली रायफल हाती देण्यापूर्वी भरावा, आणि चष्म्याचा नंबर बदलल्यावर किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्यावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक रायफल प्रशिक्षक