आई, तुझं माप पाठव

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर नीट बोलणं होत नाही. बाबांनी मध्येच "बरं, ठेवतो" म्हटलं की विषय संपला. म्हणून लिहितेय.

आठवडाभर ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला जाऊन आलो. लिहायचं केर्न्स, इथली माणसं म्हणतात 'कॅन्झ'. बाबा, ॲटलास काढा. आपली रत्नागिरी १७ अंश उत्तर, हे १७ अंश दक्षिण. विमानातून उतरल्याबरोबर अंगाला जी चिकचिक सुरू झाली ती थेट आपल्याकडच्या जूनच्या पहिल्या आठवड्यातली. आंब्याची झाडंसुद्धा आहेत. आंब्यांबद्दल विचारू नका.

गाव समुद्राला चिकटून, पण गावासमोर समुद्रात कुणी उतरत नाही. ओहोटी लागली की लांबपर्यंत नुसता चिखल, त्यात चोची खुपसत फिरणारे पक्षी. काठावर पिवळी पाटी, मगरींपासून सावध! वर नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिश. त्यातली इरुकांजी तर नखाएवढी, पाण्यात दिसतही नाही. तिच्या दंशानं होणाऱ्या दुखण्याला इथल्याच डॉ. फ्लेकरनी १९५२ साली तिथल्या मूळ रहिवाशांचं नाव दिलं, पण डंख मारतंय कोण हे कळत नव्हतं. पुढे डॉ. बार्न्सनी ती पकडली आणि खात्री करायला स्वतःला, स्वतःच्या लहान मुलाला आणि एका जीवरक्षकाला डंख करून घेतला. तिघंही हॉस्पिटलात! बाबा, पाठीला डबा बांधून तुम्ही मला विहिरीत ढकललंत, त्याबद्दलची माझी तक्रार मी आजपासून मागे घेतली.

तर अशा किनाऱ्यावर नगरपालिकेनं २००३ साली खाऱ्या पाण्याचं तळं बांधलं. लगून म्हणतात. ४,८०० चौरस मीटर, म्हणजे तुमच्या हिशोबात ४७ गुंठे. पाणी गाळलेलं, पहाऱ्याला जीवरक्षक, आणि तिकीट नाही. मी दोनदा विचारलं. आपली सवय, फुकट म्हटलं की काहीतरी गोम असणार. गोम एवढीच की बुधवारी सकाळी साफसफाईला बंद असतं, आणि आम्ही नेमके बुधवारी सकाळी टॉवेल घेऊन हजर. दुपारी बारापर्यंत छोटूची रडारड. पाण्यात खांबांवर स्टीलचे मोठाले मासे आहेत, विणलेले. आजोबा झावळीच्या पात्याची पाखरं विणायचे, अगदी तशी वीण.

पण पत्र लिहायला बसले ते एका आजींमुळे. तुझ्याच वयाच्या असतील, आई. एका बाजूला वाळू टाकून उतार केलाय, तिथे कमरेएवढ्या पाण्यात त्या फतकल मारून बसल्या होत्या. डोक्यावर गवती टोपी, अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा पोहायचा शर्ट, खाली घोट्यापर्यंत विजार. पोहत नव्हत्या. दोन्ही तळवे पाण्याखाली नुसते हलवत होत्या, परातीत तांदूळ घोळवल्यासारखे. तासाभरानं मी छोटूला घेऊन बाहेर आले तरी त्या तिथेच. त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नव्हतं. उन्हामुळे इथे बरेच जण तसे अंगभर कपडे घालूनच उतरतात.

मला मांडवीचा किनारा आठवला. आम्ही पाण्यात धिंगाणा घालायचो आणि तू निऱ्या वर धरून घोट्याएवढ्या पाण्यात, आमच्या चपला सांभाळत. "मला नको गं, साडी भिजेल." जन्म गेला समुद्राकाठी, आणि साडी काही भिजली नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही आलात की आपण तिकडे जाऊ. कडेला पाणी उथळ, सगळ्यात खोल तिथेही १.६ मीटर. बाबांना पोहता येतं, ते उगाच शिकवायला येतील. त्यांना मी छोटूच्या मागे लावून देईन.

तेवढं माप पाठव. ब्लाउजचं नको, पंजाबी ड्रेसचं. बाह्या कोपरापर्यंत हव्यात की मनगटापर्यंत, तेही लिही. बाबांना विचारत बसू नकोस.

तुमची,
मनू