चौथ्या बासबद्दल

टिळकवाडी, बेळगाव
मे अखेर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.

चौथा बास (खालच्या सुरांची चार तारांची गिटार) कोणता घ्यावा असं तू विचारलंस, आणि तुझ्या पत्रात चार जुन्या बासची नावं आहेत: 1973 चा, रंग बदललेला फेंडर प्रिसिजन, 1974 चा रिकनबॅकर 4001, साठच्या दशकातला हॉफनर 500/1, आणि 1967 चा म्हणून सांगितलेला गिब्सन ईबी-3. माझं मत आधी सांगतो, कारणं मागून. ईबी-3 घे. मात्र हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) आणि नेक (वाद्याची मान) तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस, आणि पावसाळा सरेपर्यंत तो तुझ्या खानापुरात आणू नकोस.

तुझ्याकडे आज काय आहे ते बघ की. 1975 चा फेंडर जाझ, 1978 चा म्युझिक मॅन स्टिंगरे आणि 1983 चा जपानी बनावटीचा फेंडर जेव्ही प्रिसिजन. तिन्ही 34 इंची स्केलचे, म्हणजे तारेची वाजणारी लांबी 34 इंच, तिन्हींचे नेक स्क्रूंनी बसवलेले, आणि तिन्हींच्या रचनेमागे हात एकाच माणसाचा, लिओ फेंडरचा. एवढं एकाच घराण्याचं असताना चौथाही तिथलाच घ्यायचा, तर त्याला फार सबळ कारण हवं. 1973 च्या प्रिसिजनला ते नाही. 1957 पासूनचा तो दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) तुझ्या जेव्हीवर आहेच, आणि जेव्हीचा नेक सरळ आहे. रंग बदललेल्या जुन्या फेंडरची किंमत मूळ रंगाच्या निम्म्यावर येते असा बाजारातला साधारण ठोकताळा. म्हणून तो स्वस्त वाटतोय. पण स्वस्त असला तरी आवाज तुझ्याकडे असलेलाच.

रिकनबॅकर आवाजाने खरंच वेगळा आहे. 33¼ इंची स्केल, आणि ब्रिजकडच्या (तारा अंगावर जिथे टेकतात तिकडच्या) पिकअपच्या वाटेत बसवलेल्या 0.0047 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमुळे खालचा आवाज गाळला जाऊन येणारी ती धार. अडचण नेकची आहे. 4001 मध्ये दोन ट्रस रॉड (नेकच्या आतले, तो सरळ ठेवणारे धातूचे गज) असतात आणि त्या काळचे रॉड स्वतः नेक वाकवण्यासाठी केलेलेच नाहीत. तारा सैल करायच्या, नेक हाताने हवा तेवढा मागे दाबून धरायचा आणि मग रॉडचे नट फक्त तिथपर्यंत आणून टेकवायचे, अशी त्याची रीत. बाकीच्या गिटारींसारखा नुसता पाना फिरवला तर फिंगरबोर्ड (तारा दाबायची वरची पट्टी) नेकपासून सुटतो. आपल्याकडे जूनमध्ये एकदा आणि नोव्हेंबरमध्ये एकदा नेक हलणारच. वर्षातून दोनदा एवढ्या जोखमीचं काम करावं लागणारं वाद्य सध्या नको. शिवाय मागची टेलपीस (तारा अडकवायचा भाग) तारांच्या ओढीने शेपटीकडून उचलली जाते; 4001 कधीही बघायला गेलास तर तिच्या खालची फट आधी बघ.

हॉफनरबद्दल थोडक्यात. आतून पोकळ, पातळ स्प्रूसचा माथा, कडेला सेल्युलॉइडची पट्टी. ही पट्टी जुनी होऊन आकसते आणि तडकते, आणि पोकळ अंगात चार महिने दमट हवा भरून राहते. कौलारू घरात तो सांभाळणं अवघड. बंद खोलीत हवा राखायची सोय झाली तर पाचवा म्हणून जरूर विचार कर.

आता ईबी-3. हा 1961 मध्ये आला. महोगनीचं अंग, चिकटवलेला महोगनी नेक, 30½ इंची स्केल. नेकला लागून मोठा हमबकर (गुणगुण मारणारा, दोन कॉइलचा पिकअप), ब्रिजजवळ छोटा, दोन व्हॉल्यूम, दोन टोन आणि चार जागांचा फिरता स्विच. त्यातल्या एका जागेत चोक कॉइल लागते आणि नेक पिकअपचा खालचा भाग कापला जातो. क्रीम या इंग्लिश रॉक बँडमध्ये जॅक ब्रूसच्या हातात हाच बास होता.

स्केलचा फरक नुसता बोटांच्या सोयीचा नाही. 34 इंचीवर पहिला फ्रेट (फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) नटापासून, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून, 48.5 मिलिमीटरवर असतो, इथे 43.5 वर. महत्त्वाचा आहे तो ताण. तीच तार त्याच सुराला लावली की 30½ इंचीवर ताण जवळपास वीस टक्क्यांनी कमी भरतो. तार जास्त झुलते, मूळ सूर जाड येतो, वरचे स्वर लवकर विरतात. फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारांवर हा आवाज पेटी-तबल्याच्या खाली फार छान बसतो. भावगीतांच्या कार्यक्रमात जाझचा करकरीतपणा गायकाच्या शब्दांवर येतो. इथे तो प्रश्न उरत नाही. मात्र नुसता नेक पिकअप लावलास तर डग्ग्याची घुमार आणि बास यांचा चिखल होतो. म्हणून दोन्ही पिकअप चालू ठेव, ब्रिजचा व्हॉल्यूम पूर्ण, नेकचा सहाच्या आसपास. गिब्सनचाच स्वस्तातला ईबी-0 मी याच कारणाने सुचवत नाही. त्याला ब्रिज पिकअपच नाही, त्यामुळे चिखलातून बाहेर यायला वाट नाही. आणखी एक, गणपतीच्या मंडपात दिव्यांच्या डिमरमुळे जाझचा एकच पिकअप उघडला की जी गुणगुण सुरू होते ती हमबकरवर जवळजवळ नसते.

तपासणी हेडस्टॉकपासून सुरू कर. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला असतो, 1966 च्या सुमारापर्यंत 17 अंश, नंतर 14. कल द्यायला लाकूड तिरकं कापलं की रेषा तिथे आखूड पडतात, आणि नेमकं तिथेच, नटाच्या मागे, ट्रस रॉडच्या नटासाठी खड्डा कोरलेला असतो. वाद्याची केस नुसती आडवी पडली तरी हेडस्टॉकला हिसका बसतो आणि तो त्याच जागी मोडतो. चिकटवून रंगवलेला मोड उघड्या डोळ्यांना दिसतोच असं नाही. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी अंधाऱ्या खोलीत हेडस्टॉकच्या मागून आणि नेकवरून फिरवायला सांग. जुनं नायट्रो लॅकर (त्या काळचा लाकडावरचा चकचकीत लेप) हिरवट-पिवळं चमकतं. नवा रंग तसा चमकत नाही, आणि दुरुस्तीची जागा गडद पट्ट्यासारखी उठून दिसते. नीट जोडलेला मोड वाजवायला वाईट नसतो. फक्त किंमत त्याप्रमाणे तिसरा हिस्सा ते निम्मी कमी हवी, आणि विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगितलेलं हवं.

मग नेक जिथे अंगाला मिळतो ती जागा. मोठ्या पिकअपचा खड्डा नेकच्या सांध्याला अगदी लागून असल्याने तिथे लाकूड कमी उरतं. लॅकरमध्ये बारीक रेघ असणं वेगळं आणि सांधा उघडणं वेगळं. हेडस्टॉक हळूच मागे-पुढे केल्यावर रेघ रुंदावते का हे बघायचं. रुंदावली, तर तो बास सोडून दे, किंमत काहीही असो.

वर्षाची खात्री सिरियल नंबरवरून होणार नाही. 1963 ते 1969 या काळात गिब्सनने तेच आकडे पुन्हा पुन्हा वापरले. मागचं झाकण काढून पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा आकडा वाचायला सांग. उदाहरणार्थ 1376728 असेल तर 137 म्हणजे सीटीएस ही पॉट बनवणारी कंपनी, 67 म्हणजे 1967, आणि 28 म्हणजे अठ्ठाविसावा आठवडा. यावरून बास त्याआधीचा नाही एवढंच ठरतं; पॉट वर्षभर कपाटात पडून मग बसवला गेला असू शकतो. पॉटवरचं डाख जुनं, मंद झालेलं दिसतं का, तेही बघ. चकचकीत डाख आणि नव्या प्लास्टिकच्या वायरी दिसल्या तर आतलं काय काय बदललंय ते विचार. 1969 च्या सुमाराला खाचा पाडलेला हेडस्टॉक आला. 1967 म्हणून सांगतायत आणि हेडस्टॉकला खाचा दिसतायत, असं असेल तर वर्ष चुकीचं आहे.

पिकअप मीटरने मोजून घ्यायचे. नेकचा मोठा हमबकर साधारण 25 ते 30 किलोओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल, किंवा नुसता पॉटचा काहीशे किलोओहमचा आकडा दाखवत असेल, तर कॉइल तुटलीय. आकडा निम्मा आला तर दोनपैकी एकच कॉइल चालतेय. मोजणी व्हॉल्यूम पूर्ण उघडून आणि तोच पिकअप निवडून करायची, नाहीतर आकड्यात पॉट जास्त मिसळतो. विकणाऱ्याला एक व्हिडिओ करून त्यात स्विचच्या चारही जागा आणि प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) व दाबलेला सूर पाठोपाठ ऐकवायला सांग. जुन्या ब्रिजवर तारेगणिक वेगळं सॅडल (तारेखालचा सरकता टेकू) नसेल तर सूर पूर्ण जुळणार नाही. तिथे दोन-चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक चालवून घ्यायचा, ब्रिज बदलायचा नाही.

तारा आखूड स्केलच्याच घे, 45 ते 105 (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) च्या आसपासच्या. लांब स्केलची तार कापून लावली की तिचा जाड भाग खुंटीवर वळवावा लागतो, वेटोळं सैल होतं आणि तार तिथेच तुटते. तारेचा गोळा ब्रिजमध्ये जिथे अडकतो तिथून नटापर्यंतचं अंतर टेपने मोज. जाड वेटोळं नटाच्या थोडं पुढे जाऊन संपलं पाहिजे, खुंटीपर्यंत फक्त बारीक भाग जायला हवा.

सेटिंगसाठी पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजायची. तुझ्या जाझला 0.25 मिलिमीटर पुरते, इथे 0.35 ठेव, कारण तार जास्त झुलते. ट्रस रॉडचा नट हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली असतो, त्याला 5/16 इंची नळीचा पाना लागतो. मिलिमीटरचा 8 नंबर जवळजवळ बसतो, पण पितळी नटाचे कोपरे झिजवतो, म्हणून तो वापरू नकोस. एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबायचं. फिरेनासं झालं की जोर लावायचा नाही.

नट झिजलेला निघाला तर मिरजेचा सतारमेकर हाडाचा नवा करून देईल. हाडावरचं काम त्यांच्यासारखं कुणी करत नाही. त्यांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांग. इथे जवारी नको आहे. खाचेचा टेकू फिंगरबोर्डकडच्या कडेलाच, टोकदार हवा आणि खाच मागे खुंट्यांकडे उतरती हवी. सपाट राहिली तर मोकळी तार तानपुऱ्यासारखी झणझणते. ‘ई’ तार 2.67 मिलिमीटरची, तिची खाच 2.8 ची, आणि तार निम्मी आत, निम्मी वर. जुना नट, जुने स्क्रू, निघालेला प्रत्येक भाग पिशवीत घालून केसमध्ये ठेव.

बाहेरदेशाहून मागवणार असशील तर फिंगरबोर्डचं लाकूड लेखी घे. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि परवान्याशिवाय ते सीमेवर अडकतं. पाठवणाऱ्याला तारा दोन सूर उतरवायला सांग. हेडस्टॉकच्या खाली आणि वर कागदाचे बोळे घट्ट भरायचे, नेकखालीही आधार द्यायचा, म्हणजे केस आपटली तरी टोक हलणार नाही.

सौदा आत्ता ठरव, पण वाद्य ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येऊ दे. जुलैत खानापुरात आलेली महोगनी पहिल्याच आठवड्यात पाणी ओढेल, आणि नेक मुळात कसा आहे हे तुला दिवाळीपर्यंत कळणार नाही. आल्यावर केस चोवीस तास बंदच ठेव. नंतर मूळ केसमध्ये ठेवू नकोस. तिच्या आतलं मखमली कापड ओल धरतं आणि त्याला बुरशी येते. लाकडी कपाटात अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक ठेव, काटा 45 ते 55 टक्क्यांमध्ये राहिला पाहिजे. जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास. स्टँडच्या रबराला सुती कापड गुंडाळ, रबर नायट्रो लॅकर वितळवतं.

विकणाऱ्याकडून हेडस्टॉकच्या मागचे, जांभळ्या उजेडातले आणि पॉटच्या पाठीचे फोटो आले की लगेच माझ्याकडे पाठव. पैसे त्यानंतर.

तुझा मित्र